मुक्ताचा निबंध आणि आमच्या उत्तरपत्रिका

दरवर्षी परीक्षा संपली की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर येतात आणि त्यांत एक वाक्य हटकून भेटते. लेखकाने या साहित्यकृतीतून समाजाचे विदारक वास्तव प्रभावीपणे मांडले आहे, अशा आशयाचे ते वाक्य. कादंबरी कोणतीही असो, आत्मकथन कोणाचेही असो, वाक्य तेच. पुस्तकाचे नाव बदलले तरी ते बिघडत नाही, कारण ते त्या पुस्तकाविषयी काहीच सांगत नसते. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात गेली वीसेक वर्षे मराठी शिकवतो. प्रारंभी आम्ही या वाक्यावर हसत असू. पुढे त्याचा राग येऊ लागला. अलीकडे मात्र ते वाक्य आमचेच आहे, आम्हीच ते फळ्यावर लिहून दिले आहे, अशी जाणीव होऊन ओशाळायला होते.

या जाणिवेला एक प्रसंग कारण झाला. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तृतीय वर्षाच्या वर्गात शिकवत होतो. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी थांबली. २०२१ मध्ये करोनाने तिच्या मावशीचे यजमान गेले होते. दहाव्याला बायकांनी मावशीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले, आणि ते करणाऱ्या बायका स्वतःच मोठ्याने रडत होत्या. हे तिने वहीत लिहून आणले होते. लिहिलेले दाखवून तिने विचारले, "सर, हे परीक्षेत लिहिले तर चालेल का?" आम्ही म्हटले, "छान लिहिलेस, पण परीक्षेत कादंबरीतलेच लिही." तिने मान हलवली आणि वही पिशवीत टाकली. परीक्षेत तिने तेच नेहमीचे वाक्य लिहिले. आम्ही तिला बरे गुणही दिले.

तिचा प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. साहित्याचे वाचन आणि त्याविषयीचे लेखन सामाजिक प्रश्नांच्या अंगाने कसे शिकवावे, याविषयी चर्चासत्रांत पुष्कळ बोलले जाते; जणू ही अलीकडची, बाहेरून आलेली पद्धत आहे. मराठीत तिचा इतिहास दीडशे वर्षांहून मोठा आहे आणि तिचा आरंभ शिक्षकांनी केलेला नाही. तो आमच्या त्या विद्यार्थिनीसारख्याच वाचकांनी केला आहे. तो इतिहास येथे थोडक्यात मांडून पाहावा आणि त्यातून आपल्या वर्गासाठी काय हाती लागते ते तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१८५५ : चौदा वर्षांची निबंधकार

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय'ने तो १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत दोन भागांत छापला. आज त्या निबंधाचे नाव अनेकांना माहीत आहे आणि त्यातील अत्याचारांची वर्णने वारंवार उद्धृत होतात. आम्हांला मात्र साहित्याचे शिक्षक म्हणून त्यातील आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा निबंध मुळात वाचनाविषयी आहे.

मुक्ता विचारते ते असे. ब्राह्मण म्हणतात की वेद आमचे. ते इतरांनी पाहूसुद्धा नयेत. इतर धर्मीयांजवळ त्यांचे त्यांचे ग्रंथ आहेत. मग ज्यांच्याजवळ ग्रंथच नाही त्यांनी आपला धर्म कोणता समजावा? हा प्रश्न ती थेट देवाला विचारते. शाळेत नुकतीच अक्षरे गिरवलेल्या मुलीने ग्रंथाकडे पाहून पहिला प्रश्न विचारला तो ग्रंथात काय आहे हा नव्हता; तो कोणासाठी आहे आणि कोणाला वगळून आहे, हा होता. आज ज्याला आपण साहित्याचे सामाजिक वाचन म्हणतो त्याचा गाभा या प्रश्नात आहे.

निबंधाची घडणही पाहण्यासारखी आहे. तो कधी देवाशी बोलतो, कधी पंडितांशी, कधी आपल्याच जातबांधवांशी. पेशवाईतल्या क्रौर्याचे दाखले देताना तो ऐकीव आठवणींचा आधार घेतो. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांविषयी लिहिताना त्याचा स्वर बदलतो. अखेरीस तो विद्या हेच औषध आहे असे आपल्या लोकांना सांगतो. बोलण्याचा रोख बदलला की भाषा बदलते, हे तिला कोणी साहित्यशास्त्राच्या तासाला शिकवलेले नव्हते. तिला जे सांगायचे होते त्यानेच ते शिकवले असावे. मराठी निबंधाचा विचार आपण बहुधा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'पासून मनावर घेतो. माला सुरू झाली १८७४ साली. मुक्ताचा निबंध तिच्या एकोणीस वर्षे आधीचा आहे. त्यानंतरचे मुक्ताचे लेखन मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

१८८२ : कादंबऱ्यांना जाब

मुक्ताने ग्रंथाच्या दाराशी उभे राहून प्रश्न विचारला. सत्तावीस वर्षांनी ताराबाई शिंदे आत शिरून पुस्तके वाचतात आणि त्यांना जाब विचारतात. बुलढाण्याच्या ताराबाईंचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येसाठी १८८१ मध्ये झालेली फाशीची शिक्षा आणि त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर उठलेली झोड ही त्याची पार्श्वभूमी होय.

हे पुस्तक आपण स्त्रीमुक्तीच्या इतिहासात वाचतो. मराठी समीक्षेच्या इतिहासात सहसा वाचत नाही. वास्तविक ताराबाई त्यात 'मुक्तामाला' ही लक्ष्मणशास्त्री हळबे यांची १८६१ सालची कादंबरी आणि 'मनोरमा' हे नाटक यांची नावे घेऊन बोलतात. या पुस्तकांतल्या बायका आणि प्रत्यक्षातल्या बायका यांचा ताळमेळ त्या पाहतात. स्त्रीचे दुर्गुण रंगवणारे पुस्तक लिहिणारा हात कोणाचा आहे हे विचारतात. पुराणकथांकडेही त्यांची हीच दृष्टी आहे. नवऱ्याचे प्राण परत आणण्यासाठी यमाच्या मागे गेलेली सावित्री सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोचे प्राण मागायला गेलेला नवरा कोणत्या कथेत आहे, असा त्यांचा रोकडा प्रश्न आहे. कथेत काय आहे याबरोबरच कथेत काय असू शकले नाही हे वाचणे, ही समीक्षेची कसोटी पाहणारी रीत आहे. ती एका अशा स्त्रीने वापरली जिने कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती.

पुस्तकावर टीका झाली. जोतीरावांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मृतीत गेले. डॉ. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणले. मधली त्र्याण्णव वर्षे मराठी साहित्याचे शिक्षण या पुस्तकावाचून चालले, आणि आपले काही अडते आहे असे कोणाला वाटले नाही.

१८८५ : सभेला न गेलेला ग्रंथकार

तिसरा दाखला प्रसिद्ध आहे. न्या. रानडे यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ च्या दुसऱ्या सभेसाठी जोतीराव फुले यांना निमंत्रण गेले, तेव्हा त्यांनी नकाराचे पत्र पाठवले. जे लोक व्यवहारात माणसांना माणुसकीचे हक्क देत नाहीत त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसत नाही. आमची दुःखे त्यांना माहीत नाहीत म्हणून ती त्यांच्या ग्रंथांत उतरत नाहीत. आमचा विचार आता आम्हांलाच केला पाहिजे, असा त्या पत्राचा आशय आहे. हे पत्र 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाले.

मुक्ताने विचारले, ग्रंथ कोणासाठी? ताराबाईंनी विचारले, ग्रंथ कोणी लिहिला? जोतीरावांनी विचारले, ग्रंथ लिहिणाऱ्याला काय ठाऊक असते आणि काय ठाऊक असूच शकत नाही? तीस वर्षांच्या अवधीत मराठीत हे तीन प्रश्न उभे राहिले, आणि तिन्ही विद्यापीठाच्या बाहेर.

या काळातली चौथी गोष्ट आम्हां शिक्षकांना अधिक झोंबणारी आहे. चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या लेखनावर कठोर टीका केली आणि त्यात त्यांच्या व्याकरणाची व भाषेची यथेच्छ टिंगल केली. चिपळूणकरांची शैली आजही आम्ही कौतुकाने शिकवतो, आणि ती त्या कौतुकाला पात्र आहे. परंतु त्या टीकेत एक मोठा वाचक समोरच्याचे म्हणणे ऐकण्याआधी त्याच्या ऱ्हस्वदीर्घांशी थांबला. आमच्या हातातली लाल शाई पुष्कळदा तेच करते. बोलीत लिहिलेल्या जिवंत उत्तराखाली रेघा पडतात आणि गाइडमधून उतरवलेल्या निर्जीव उत्तराला बरोबरची खूण मिळते.

चार कप्पे

विद्यापीठाच्या आत काय घडत होते? मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पण तेथील उच्च शिक्षणात मराठीला स्थान मिळवण्यासाठी रानड्यांसारख्यांना दीर्घ काळ झगडावे लागले. मराठी आली तेव्हा आपली प्रतिष्ठा सिद्ध करण्याचे ओझे घेऊन आली. संस्कृत साहित्यशास्त्राच्या आणि इंग्रजी समीक्षेच्या तोडीचे काही आमच्याजवळ आहे हे दाखवणे तिला भाग होते. त्यातून कथानक, व्यक्तिरेखा, वातावरण आणि भाषाशैली असे चार कप्पे तयार झाले. कोणतीही कलाकृती आणावी आणि या कप्प्यांत वाटून ठेवावी. परीक्षेच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती.

वर्गाबाहेर वाद जोरात होते. १९३० नंतरच्या दशकात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांभोवती 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद रंगला. लालजी पेंडसे यांचे 'साहित्य आणि समाजजीवन' १९३५ साली आले आणि मार्क्सवादी दृष्टीने साहित्य पाहण्याची वाट त्याने दाखवली. उलट बाजूने बा. सी. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) आणि 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथांतून साहित्यकृतीची स्वायत्तता आग्रहाने मांडली. या वादाची खोली वर्गात क्वचितच पोहोचली. तेथे फडके-खांडेकर हा दहा गुणांचा प्रश्न झाला, आणि दोन्ही बाजू लिहून शेवटी समन्वय साधावा असे आम्हीच सांगत आलो.

मिलिंद : वर्ग आणि नियतकालिक

विद्यापीठाच्या आत हे चित्र जेथे पालटले त्या ठिकाणांत मिलिंद महाविद्यालयाचे स्थान विशेष आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले. मराठवाड्याच्या खेड्यांतून, महारवाड्यांतून आलेली पहिल्या पिढीची मुले तेथे शिकू लागली. ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारतो. महाविद्यालयाचे नाव त्या प्रश्नकर्त्याचे आहे, हे विसरू नये.

तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले 'युगयात्रा' हे नाटक विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखडे यांनी तेथील काळ्या लेखकांच्या साहित्याकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले. मराठीचे अध्यापक गंगाधर पानतावणे यांच्या नावाशी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक कायमचे जोडले गेले. १९६७ साली 'अस्मिता' म्हणून त्याचा आरंभ झाला. काल वर्गात बसलेला विद्यार्थी आज त्यात कविता किंवा टिपण लिही, आणि उद्या त्यावर दुसरा विद्यार्थी मतभेद नोंदवी. 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे भरत. या जोडशब्दातले संयोगचिन्ह आम्हांला फार मोलाचे वाटते. वाचणारा आणि लिहिणारा एकाच मांडवात बसलेले असतात; वाचणारा आज ना उद्या लिहिणार असतो.

याच्या आगेमागे वर्गाबाहेरही लेखन उसळले होते. मुंबईत १९५८ साली भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. दलित पँथरची स्थापनाही त्याच वर्षीची. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बेबी कांबळे, कुमुद पावडे, शरणकुमार लिंबाळे, लक्ष्मण गायकवाड, पुढे 'आयदान' (२००३) लिहिणाऱ्या उर्मिला पवार. ही नावे आता अभ्यासक्रमांत स्थिरावली आहेत. ही लढून मिळवलेली गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

पाचवा कप्पा

तरीही काहीतरी निसटले. हे साहित्य अभ्यासक्रमात आले ते चार कप्प्यांची मोडतोड करून आले नाही. त्याच्यासाठी 'सामाजिकता' नावाचा पाचवा कप्पा जोडला गेला. दलित, ग्रामीण, स्त्रीवादी, आदिवासी अशा प्रवाहांच्या अभ्यासपत्रिका तयार झाल्या आणि प्रत्येक प्रवाहाच्या प्रेरणा, स्वरूप व वैशिष्ट्ये यांची यादी ठरली. विद्रोह, नकार, वेदना हे शब्द विद्यार्थी पाठ करू लागले. वेदना हा शब्द पाठ करता येतो, हे आम्हांलाही अध्यापक झाल्यावरच कळले.

परिणाम दोन झाले. दलित आत्मकथनांत समाज शोधायचा आणि मध्यमवर्गीय कादंबरीत मात्र व्यक्तिरेखा व शैली पाहायची, अशी वाटणी झाली. जणू फडक्यांच्या नायकाला जात नसते आणि 'बलुतं'ला शैली नसते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. मुक्ता, ताराबाई, जोतीराव यांच्याजवळ सामाजिक आशय हा ग्रंथाला विचारण्याचा प्रश्न होता. आमच्याजवळ तो ग्रंथातून काढून दाखवण्याचे उत्तर झाला. प्रश्न ज्याचा असतो त्याला तो स्वतः विचारावा लागतो; उत्तर मात्र झेरॉक्सच्या दुकानात मिळते.

शब्दात आणि रचनेत दडलेला समाज

मग करायचे काय? गेल्या काही वर्षांत आम्ही वर्गात विषयाचे नाव आधी सांगणे सोडून दिले. 'ही दलित कथा आहे' किंवा 'ही स्त्रीप्रश्नावरील कादंबरी आहे' असे न म्हणता पुस्तकातल्या एखाद्या लहानशा गोष्टीपाशी थांबायचे, असे ठरवले. तीन उदाहरणे देतो.

बागुलांच्या शीर्षककथेत नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण आपली जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर त्याला मार खावा लागतो. आम्ही मुलांना फक्त 'चोरणे' हे क्रियापद दिले आणि ते मराठीत कसे कसे वापरतो ते विचारले. चीजवस्तू चोरणे, अंग चोरणे, नजर चोरणे अशी यादी झाली. अंग चोरणारा माणूस आपलेच अंग आखडून घेतो; नजर चोरणारा आपलीच नजर. म्हणजे जी आपली आहे तीच गोष्ट लपवावी लागते, आणि तरी क्रियापद चोराचे. एका मुलाने विचारले, मग या गोष्टीत चोर कोण? तेथून पुढचा तास त्यांनीच घेतला. जातिव्यवस्थेवरचे व्याख्यान आम्हांला द्यावे लागले नाही.

'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, नावे दोन. आम्ही विचारले, आत्मकथन लिहायला दोघे का लागले? शिकून शहरात स्थिरावलेला आणि गावकुसाबाहेर वाढलेला यांच्यात संवाद व्हावा लागतो, तो आपोआप होत नाही, हे मुलांनी आपापल्या शब्दांत सांगितले. गावी गेल्यावर एक नाव आणि कॉलेजात दुसरे नाव असणारे वर्गात काही जण होतेच. 'बलुतं' हा शब्द धान्याच्या वाट्याचा आहे, गावाची कामे केल्याबद्दल मिळणाऱ्या हिश्श्याचा आहे, हेही मग केवळ टीप म्हणून सांगावे लागले नाही.

तिसरे उदाहरण हरिभाऊंचे. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यात बालविवाह, केशवपन, विधवेची कुचंबणा हे विषय आहेत, ही झाली यादी. पण ही कहाणी यमू स्वतः लिहिते आहे. तिच्या नवऱ्याने तिला लिहा-वाचायला शिकवले म्हणून ती लिहू शकते. म्हणजे स्त्रीशिक्षण हा कादंबरीतला विषय तर आहेच, शिवाय ते नसते तर ही कादंबरीच झाली नसती, अशी तिची रचना आहे. आणि हे स्त्रीचे आत्मवृत्त लिहिणारा लेखक पुरुष आहे. येथे ताराबाईंचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. शीर्षक तर वाचकालाच उद्देशून आहे. सामाजिक प्रश्न रचनेत कसा मुरलेला असतो, हे यापेक्षा स्वच्छ कोठे दिसेल?

एक हरकत

यावर आमच्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप असतो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. सामाजिक आशयावर भर दिला की साहित्य हे समाजशास्त्राचे पूरक पुस्तक होते. मुले कवितेऐवजी बातमी वाचू लागतात. चांगली आणि सुमार कलाकृती यांत भेद उरत नाही. मर्ढेकरांचा आग्रह ज्यांनी मनापासून वाचला आहे त्यांना ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या उत्तरपत्रिकांतले ते वाक्य या भीतीचा पुरावाच आहे.

मात्र वरच्या तिन्ही उदाहरणांत समाजाकडे नेणारी वाट एका क्रियापदातून, एका निवेदनपद्धतीतून, एका शीर्षकातून गेली. शब्दाकडे लक्ष न देता केलेले सामाजिक वाचन हे वाचनच नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. तसेच, शब्दाकडे खरोखर लक्ष दिले तर समाज बाहेर ठेवताच येत नाही, हेही मान्य व्हावे. शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ साली आले. त्याच्या नावातच सौंदर्यशास्त्र हा शब्द आहे. वाद समाज हवा की सौंदर्य हवे असा नव्हता. सौंदर्याचे निकष कोणाच्या अनुभवावर बेतलेले आहेत, असा होता.

लिहिण्याविषयी

वाचनाइतकाच लेखनाचा प्रश्न अवघड आहे. आम्ही आता सत्रातून चार वेळा एक पानाची वाचननोंद मागतो. तिचे तीन साधे दंडक आहेत. पुस्तकातली एकच जागा निवडायची. ती जागा पाहून मनात आलेला प्रश्न लिहायचा, मग तो घरातून आलेला असो की गल्लीतून. शेवटी तो प्रश्न घेऊन पुन्हा त्या जागेकडे यायचे आणि आता तेथे वेगळे काय दिसते ते सांगायचे. भाषा आधी आपली वापरायची. प्रमाण भाषेतला खर्डा दुसऱ्या फेरीत करायचा. लाल शाई पहिल्या फेरीत वापरायची नाही, हा दंडक आमच्यासाठी.

याने फार मोठे परिवर्तन झाले असे सांगणे खोटेपणाचे होईल. पुष्कळ मुले अजूनही गाइडमधूनच उतरवतात. तिसरा दंडक बहुतेकांना जमत नाही. अनुभव लिहून ते थांबतात आणि पुस्तकाकडे परतत नाहीत. काहींना घरातले वर्गात मांडायचे नसते, आणि तो त्यांचा हक्क आहे. जातीचा किंवा दारिद्र्याचा अनुभव गुणांसाठी उघडा करून दाखवायला लावणे हा दुसरा जुलूम होईल. म्हणून प्रश्न कोठून आला हे सांगण्याची सक्ती आम्ही करत नाही. एवढे मात्र झाले की ते हटकून भेटणारे वाक्य या नोंदींत फारसे दिसत नाही.

आता त्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. बातमी वाचली तेव्हा आम्हांला तिची वही आठवली. हरिभाऊंची कादंबरी पुस्तकरूपाने आल्याला तेव्हा एकशे एकोणतीस वर्षे झाली होती. केशवपन गेले, बांगड्या राहिल्या. ही गोष्ट वर्गात आमच्याआधी तिला दिसली होती, आणि बांगड्या फोडणाऱ्या बायकाच रडत होत्या हे तिचे निरीक्षण तर कादंबरीतल्या घरातल्या बायकांकडे नव्याने पाहायला लावणारे होते. त्या गप्प का राहतात? त्यांच्याही मनात काही होते का? हरिभाऊंनी त्यांना किती बोलू दिले आहे? असा एक नवा निबंध तिच्या वहीत अर्धा लिहून तयार होता. आम्ही तो पिशवीत टाकायला लावला.

मुक्ताचा निबंध छापला गेला, कारण तो छापणारे कोणीतरी होते. आणि त्याआधी, अशा विषयावर लिहिले तर चालेल, असे तिला वाटू देणारी एक शाळा होती. मराठीच्या वर्गाचे काम याहून फार वेगळे नसावे. तिने आज पुन्हा विचारले असते तर आम्ही म्हटले असते, "चालेल. मावशीचे लिही, आणि मग यमूच्या घरात परत जाऊन त्या बायकांना शोध." हे उत्तर द्यायला आम्हांला उशीर झाला. पुढच्या जूनमध्ये मागच्या बाकावर कोणीतरी नवे बसलेले असेल.